स्नॅपशॉट कशाला म्हणावे?

घरातल्या जुन्या आल्बममध्ये दोन तऱ्हांचे फोटो आढळतात. एकात सारे पडद्यासमोर ताठ बसलेले. दुसऱ्यात कोणी हसताना हललेले, कोणाचे डोके कापले गेलेले. दुसऱ्याला आपण स्नॅपशॉट म्हणतो. दोहोंत फरक नेमका कोणता? चटकन उत्तर येते, 'वेगाचा'. ते तपासून पाहू.

हा शब्द मूळचा शिकाऱ्यांचा. नीट नेम न धरता झटकन झाडलेली गोळी म्हणजे स्नॅपशॉट. सेकंदाच्या दहाव्या भागात चित्र पकडण्याच्या संदर्भात शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८६० साली तो छायाचित्रणासाठी वापरला.

त्याआधी, १८३८ च्या सुमारास, दागेर यांनी पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. ठसा उमटायला काही मिनिटे लागत. म्हणून चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एकजण तेवढा दिसतो. रस्ता ओस नव्हता, चित्रात तो ओस झाला! वेगाशिवाय स्नॅपशॉट अशक्य, हे इथे कळते.

पण वेग पुरेसा आहे का? १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. बारा कॅमेरे ओळीने मांडलेले, वाटेत तारा ताणलेल्या. सेकंदाचा अल्पांश पकडला गेला, पण सगळे आधी ठरवून. हा प्रयोग होता, स्नॅपशॉट नव्हे.

१८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचवली. पुढे ती सुधारत गेली, तशी काच जागेवरच ओली करून लगेच धुण्याची कटकट संपली. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला. हातात मावणारा, शंभर चित्रांचा. रीळ संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. त्याला नेम धरायची खिडकीही नव्हती. शिकाऱ्यांचा शब्द इथे शब्दशः खरा ठरला! १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि मुलेही फोटो काढू लागली.

म्हणजे वेग रसायनशास्त्राने दिला, सहजता माणसाची. स्टुडिओतला फोटो आपल्याला कसे दिसायचे होते ते सांगतो. स्नॅपशॉटमध्ये न ठरवलेलेही येते: मागची चूल, दोरीवरचे कपडे, कडेला उभी मोलकरीण. इतिहासाला हाच पुरावा मोलाचा. मात्र कॅमेरा कोणाच्या हातात होता, हेही विचारायला हवे.

विद्यार्थ्यांना घरचा एक जुना फोटो आणायला सांगू या. फोटो काढणाऱ्याने काय ठरवले होते आणि काय आपोआप आले, याच्या दोन याद्या त्यांनी कराव्यात. दुसरी यादी बहुधा लांब होईल.