धाग्यांची सामायिक भाषा

अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे विजय भटकर यांचे जन्मगाव. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातील ट्रान्सप्युटर, म्हणजे स्वतःची मेमरी बाळगणारे प्रोसेसर, परस्परांना संदेश पाठवून काम वाटून घेत. थ्रेडची रीत निराळी आहे: एकाच प्रोग्रॅममधील अनेक कार्यधारा एकच मेमरी वापरतात, म्हणून दोघींनी एकाच वेळी एकाच जागी लिहू नये यासाठी म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकीलाच आत सोडणारे कुलूप, लागते.

सी भाषेने हा प्रश्न दीर्घकाळ ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडला, आणि ही तिची मोठी उणीव होती. युनिक्सच्या जगाला १९९५ च्या पॉझिक्स मानकाने पीथ्रेड ही थ्रेडची फंक्शने दिली, विंडोजने आपली वेगळी फंक्शने ठेवली. पहिल्यात थ्रेडचे फंक्शन व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कोणत्याही माहितीचा पत्ता, परत करते, तर दुसऱ्यात ३२ बिटांची संख्या. त्यामुळे दोन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला थ्रेड सुरू करणे, तो संपेपर्यंत थांबणे आणि कुलूप लावणे यांसाठी मधला थर स्वतः रचावा लागे, ज्यात कंपाइलर कोणत्या सिस्टिमसाठी चालला आहे ते पाहून योग्य ओळी निवडल्या जात.

२०११ च्या सी मानकात अखेर थ्रेड आले, पण ऐच्छिक म्हणून. लिनक्सवरील ग्लिबसी या सी लायब्ररीने ते २०१८ मध्ये स्वीकारले, तर मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरसोबत ते २०२३ मध्ये पोहोचले.