गप्प पडलेला वात

म्हातारं माणूस इस्पितळात दुसऱ्याच रात्री असंबद्ध बोलू लागलं, सलाईनची नळी उपटू लागलं, की 'वात झाला' असं आपण म्हणतो. पण जो डोळे मिटून निमूट पडतो, त्याला वात झाला असं कुणी म्हणत नाही. उलट 'आज शांत आहेत' म्हणून घरचे हुश्श करतात. वैद्यकाचीही पुढे हीच फसगत झाली. जुन्या वैद्यांना मात्र दोन्ही रूपं दिसत होती. चवताळणारा 'फ्रेनायटिस' आणि गुंगीत बुडवणारा 'लेथार्गस' यांची ग्रीकांनी वेगवेगळी नोंद केली. हिप्पोक्रेट्सच्या परंपरेतल्या ग्रंथात तापलेल्या रोग्याचे हात हवेत काहीतरी शोधतात, पांघरुणाची लव खुडतात, भिंतीवरच्या काड्या वेचतात. आजच्या वॉर्डातही हेच हात दिसतात. पुढे या वातासाठी चलती झाली ती लॅटिन 'डेलिरियम' या शब्दाची. मूळ अर्थ नांगरटीचं तास सोडून भरकटणं. भरकटणारा बैल लांबूनही दिसतो, जागीच बसलेला नाही. 'लेथार्गस'चा अर्थ झिजत नुसत्या सुस्तीवर आला.

जुन्या नावांत आजचा आजार शोधणं ही पश्चातबुद्धी, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे: त्या नावांखाली मेंदूज्वरासारखे कितीतरी आजार असतील. पण इथे प्रश्न कारणांचा नाही, खाटेजवळ काय दिसलं याचा आहे. 1959मध्ये एंगेल आणि रोमानो या डॉक्टरांनी दाखवलं, की शुद्ध हरपते तशा मेंदूच्या विद्युतलहरी मंदावतात; म्हणजे आरडाओरडा ही आजाराची खूण नव्हेच. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटवणाऱ्यांना 1990मध्ये डॉक्टर शॅरन इनोये यांच्या तपासपद्धतीने उत्तर दिलं: बदल अचानक झाला का, दिवसभरात कमीजास्त होतो का, लक्ष टिकतं का? म्हातारपण काही एका रात्रीत येत नाही. उलट्या क्रमाने वार म्हणताना बुधवारपाशीच अडखळणारे आजोबा कितीही शांत असोत, तपासायलाच हवेत.

मग 1999मध्ये इनोये आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तरी गाठलेले 852 रुग्ण. नेहमीच्या शुश्रूषेत 15 टक्क्यांना डेलिरियम झाला, विशेष काळजी घेतलेल्यांत 9.9 टक्क्यांना. काळजी म्हणजे काय, तर चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, चालवणं आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध नि पाठीला मालिश. एकदा आजार जडल्यावर मात्र त्याची तीव्रता या उपायांनी फारशी हटली नाही.