कारखान्याच्या सुरक्षा समितीत कामगार का हवेत?

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान ८ जणांचा मृत्यू झाला. अशा कामात धोक्याची चाहूल अनेकदा आधी कामगारालाच लागते. ती वरपर्यंत पोहोचते कशी?

कायदा काय सांगतो?
भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात बदल झाला. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली. तिच्यात कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असायचे. जिवाला किंवा आरोग्याला धोका वाटल्यास कामगार त्यांच्यामार्फत व्यवस्थापनाला कळवू शकत होता.

आता काय?
२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. त्यातही समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, अशी अट आहे.

विडी कामगारांचं काय?
भंडाऱ्यात अनेक महिला घरीच विड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, तासन्‌तास बसून पाठ दुखते. पण घर म्हणजे कारखाना नाही. तिथे समिती नसते. त्यामुळे त्यांच्या आरोग्याचे प्रश्न मांडायला उरते ती कामगार संघटनाच.