चेहरा सोडून सगळं

पियर्स साबणाची 1884च्या सुमारासची एक इंग्लिश जाहिरात आहे. तिच्यात दोन चित्रं आहेत. पहिल्यात एक काळा मुलगा टबात बसलाय आणि ॲप्रन बांधलेला गोरा मुलगा त्याला आंघोळ घालायला उभा आहे. दुसऱ्यात काळा मुलगा टबाबाहेर आलाय. मानेखालचं सगळं अंग गोरं झालंय, चेहरा मात्र काळाच. गोरा मुलगा त्याला आरसा दाखवतोय.

लोकांना यात गंमत वाटत होती. 1853 साली ब्रिटनमध्ये साबणावरचा कर उठला, साबण स्वस्त झाला, आणि आपलीच वडी खपवायची तर जाहिरात लागू लागली. पियर्सच्या 1899च्या जाहिरातीत एक आरमारी अधिकारी हात धुतोय आणि खाली कोपऱ्यात गुडघे टेकलेल्या काळ्या माणसाला साबण दिला जातोय. साबण म्हणजे सुधारणा, काळा रंग म्हणजे मळ, असा हा हिशोब. पण मग त्या मुलाचा चेहरा का धुतला नाही? कारण तोही गोरा झाला असता तर दोन्ही मुलं सारखीच दिसली असती, आणि गिऱ्हाइकाला ते नको होतं.

1917 साली पियर्स लिव्हर ब्रदर्सकडे गेली. त्याच घराण्यातल्या हिंदुस्तान लिव्हरने 1975 साली भारतात 'फेअर अँड लव्हली' आणली. तिच्या वेष्टनावरही पुढे दोन चेहरे आले, एक सावळा आणि एक उजळ. तिकडे जो चेहरा धुऊन निघत नव्हता, तोच इकडे उजळून देण्याचं आश्वासन होतं. तिकडचं गिऱ्हाईक त्या मुलाला हसत होतं. इकडचं त्याच्या जागी बसलं होतं.

हे सगळं इंग्रजांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. 'वर्ण' या आपल्या शब्दातच रंग आणि जातिव्यवस्थेची उतरंड एकत्र नांदतात. आमच्या मानवत-परभणीकडची माणसं आषाढीला पंढरपूरला जाऊन सावळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवतात आणि घरी येऊन मुलीच्या बायोडेटात 'गोरा', नाहीच जमलं तर 'निमगोरा' लिहितात. 'सावळा' लिहायला हात धजत नाही.

2019 साली वेष्टनावरचे ते दोन चेहरे गेले, 2020 साली नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. बायोडेटातला रंगाचा रकाना मात्र आपणच भरतो. तो काढायला कुठल्याच कंपनीची परवानगी लागत नाही.