ऐकणाऱ्यांची वही

आत्महत्येचा विचार मनात घेऊन फोन करणाऱ्याचे तासभर ऐकून घेतल्यावर हेल्पलाइनवरचा स्वयंसेवक घरी जातो, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे खूप असते आणि सांगायची मुभा मात्र नसते. फोनवरच्या माणसाला गोपनीयतेचा शब्द दिलेला असतो. तो नवऱ्यापाशी, बायकोपाशी, जिवलग मैत्रिणीपाशीसुद्धा मोडायचा नसतो. सकाळी हाच माणूस बँकेच्या काउंटरवर किंवा शाळेच्या वर्गात उभा असतो. मनात साचलेल्याला वाट कुठून करून द्यायची, या प्रश्नापासून आपला विषय सुरू होतो. मानसिक आरोग्याच्या कामात उतरलेल्यांनी स्वतःसाठी कविता लिहावी आणि संस्थांनी त्यासाठी वेळ, जागा व सोबत द्यावी, असे मानणारे हे क्षेत्र अजून लहान आहे.

साध्या माणसाच्या ऐकण्याचे मोल फार आधी ओळखले गेले. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी ‘समॅरिटन्स’ची सुरुवात केली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही जण येऊन बसू लागले. व्हारांच्या लक्षात आले, की कित्येक लोक या चहा देणाऱ्यांशी बोलूनच हलके होऊन परत जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत सुरू केलेली ‘स्नेहा’ ही संस्था त्याच वाटेवरची. मुंबई-पुण्यातल्या हेल्पलाइन, शिझोफ्रेनिया असलेल्यांचे (शुभार्थी) आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे (शुभंकर) स्वमदत गट यांचाही बराच भार विनामोबदला वेळ देणाऱ्यांवर आहे.

ऐकणाऱ्याचे काय होते, हे मात्र उशिरा विचारले गेले. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’वर लेख लिहिला, तो मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना जवळून पाहून. ते स्वतःही दिवसाचा व्यवसाय आटोपून संध्याकाळी तिथे जात. १९९० मध्ये लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी आणखी खोलवरची गोष्ट मांडली. दुसऱ्यांच्या आघातांच्या कहाण्या सतत ऐकणाऱ्याची केवळ शक्ती खर्ची पडत नाही, तर त्याची जगाकडे पाहण्याची नजर बदलत जाते. रस्ता पूर्वीसारखा सुरक्षित वाटत नाही, माणसांवर सहज विश्वास बसत नाही.

कविता या कामात आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक स्वतः स्वयंसेवक होता, हे मला फार मोलाचे वाटते. एली ग्रायफर हा वकिली आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेला कवी. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या क्रीडमूर मनोरुग्णालयात त्याने विनामोबदला कवितागट चालवला. पुढे मनोविकारतज्ज्ञ जॅक लीडी यांची त्याला साथ मिळाली आणि लीडींनी १९६९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ‘पोएट्री थेरपी’ हे नाव रूढ केले. ती कविता रुग्णासाठी होती. गट घेणाऱ्या ग्रायफरच्या मनाची विचारपूस त्या मांडणीत नव्हती, आणि आपले क्षेत्र तिथूनच पुढे जाऊ पाहते.

पुरावा काय, असे वाचक विचारील आणि त्याने विचारावेच. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहायला सांगितले. नुसती हकीकत न सांगता तिच्याबद्दलच्या भावनाही ज्यांनी लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. लिहून होताच मात्र त्यांना बरे नव्हे, अधिक उदास वाटले होते. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा परिणाम दिसला, पण लहान. कवितेने सगळे निभावते असे सांगणाऱ्यांपासून म्हणूनच दूर राहावे. पेनेबेकर यांच्याच पुढच्या कामातली एक बाब आपल्याला अधिक उपयोगी आहे. ज्यांच्या लेखनात सर्वनामे दिवसागणिक बदलत गेली, ‘मी’वरून ‘तो’, ‘ती’, ‘आम्ही’ असे सरकत राहिले, त्यांना जास्त फायदा झाला. तेच दुःख त्याच शब्दांत घोळवत राहण्याने तो होत नाही. बोलणारा बदलून पाहणे हे तर कवीचे रोजचेच काम आहे.

आता मुख्य मुद्दा. रोजनिशी का नको, कविताच का? रोजनिशीत हकीकत येते आणि हकीकतीबरोबर फोन करणारा माणूस येतो: त्याचे गाव, त्याची नोकरी, त्याच्या मुलीचे वय. कवितेला हकीकत सांगण्याचे बंधन नसते. समजा, नोंदवहीत असे आहे: पहाटे ४.१०, ५२ मिनिटे, जोखीम मध्यम, पुन्हा संपर्क शुक्रवारी. त्याच पाळीनंतर वहीत काय उतरू शकेल, हे दाखवण्यासाठी बेतलेल्या या ओळी:

हेडफोन काढून ठेवले.
कान अजून गरम.
खाली दूधवाल्याची सायकल,
आणि मी मनात म्हणतेय, ‘ऐकतेय, बोला.’

यात फोन करणाऱ्याविषयी एक अक्षर नाही. गोपनीयतेला धक्का लागलेला नाही, तरी फोन ठेवल्यावरही ऐकणे थांबत नाही, ही त्या पाळीची खरी गोष्ट सांगून झाली आहे. स्वयंसेवकाला स्वतःच्या कानाबद्दल, हाताबद्दल, खिडकीबाहेरच्या उजेडाबद्दल बोलण्याचा पुरा हक्क आहे. कविता त्याला तो वापरायला शिकवते. माझ्या मते या क्षेत्राचा सगळा आधार इथेच आहे.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. सासरी कोणापाशी बोलता न येणारे जात्यापाशी बोलता येत होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्याची साक्ष देतात. जात्याच्या खुंट्याला पुष्कळदा दोघींचे हात असत. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलून धरी. गटात लिहिताना हीच रीत चालते: एकाने एक ओळ लिहून वही पुढे सरकवायची.

छंदाची भीती घालू नये, पण छंद टाकूनही देऊ नये. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण जुळवताना बोटे मोजत असतात आणि भिरभिरणारे मन तेवढा वेळ एका जागी थांबते. ज्यांना हेही जड जाईल, त्यांच्यासाठी कवयित्री शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला तीन ओळींचा हायकू आहे. पाळी संपवून शेवटची लोकल पकडण्याआधीही तो लिहून होतो.

गटाचा वेळ कसा घालवावा? लेखनाच्या कार्यशाळा घेणाऱ्या गिली बोल्टन डॉक्टर-परिचारिकांना सहा मिनिटे हात न थांबवता लिहायला लावत. सुरुवातीला तेवढेच पुरे. मग त्यातली एक ओळ निवडून तिच्याभोवती लिहावे. वाचून दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘इथे मात्रा चुकली’ म्हणू नये. कोणती ओळ मनात राहिली, एवढेच सांगावे. लिहिताना छाती भरून आली, तर पेन खाली ठेवायची पूर्ण परवानगी हवी आणि त्या वेळी शेजारी बसणारे अनुभवी माणूस हवे.

एका बाबतीत मात्र कठोर राहायला हवे. एकाच आठवड्यात तीन रात्रपाळ्या लावायच्या, अवघड फोननंतर बोलायला सुपरवायझर ठेवायचा नाही आणि महिन्याअखेर कवितेची कार्यशाळा घ्यायची, हा अन्याय आहे. पाळ्यांची मर्यादा आणि फोननंतर मन मोकळे करण्याचे बोलणे (डीब्रीफिंग) आधी. वही त्यांच्या जोडीला.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या कविता छापण्याचा मोहही होईल. छापण्यापूर्वी लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकाने त्या वाचाव्यात आणि फोन करणारा यात स्वतःला ओळखेल का, एवढे तपासावे. शंका आली तर छापू नये. मराठीत या कामाच्या नोंदी ठेवणे हे पुढचे मोठे काम आहे: कोणाला ओवी सोयीची वाटली, कोणाला मुक्तछंद, कोण दोन बैठकांनंतर यायचे थांबले, लिहून कोणाला अधिक वाईट वाटले. हे शेवटचे तर न चुकता, तारखेसह लिहून ठेवावे.