गुणवत्ता, गरज आणि अंतर : वऱ्हाडच्या संदर्भात उच्च शिक्षणातील शिष्यवृत्तीचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातील जैन यात्रेकरूंना परिचित आहे. यात्रेकरू दूरवरून या गावी येतात. परंतु याच गावातील विद्यार्थ्याला पदवी शिक्षणासाठी किती दूर जावे लागत असे, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. शिष्यवृत्तीचा इतिहास साधारणतः दाते, निधी आणि यशस्वी विद्यार्थी यांच्या नावांनी लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो तीन निकषांच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे : विद्यार्थ्याची गुणवत्ता, त्याची आर्थिक गरज आणि त्याचे गाव व महाविद्यालय यांमधील अंतर. यांपैकी पहिल्या दोन निकषांची चर्चा विपुल झाली आहे. वऱ्हाडसारख्या प्रदेशात मात्र तिसरा निकष निर्णायक ठरला, असे दिसून येते.

दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

महाराष्ट्रातील विद्यावृत्तीची एक जुनी व्यवस्था म्हणजे पेशवेकालीन दक्षिणा. श्रावणमासात पुण्यात विद्वान ब्राह्मणांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेनुसार दक्षिणा दिली जाई. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली, तरी कंपनी सरकारने हा खर्च एकदम बंद केला नाही. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेथे विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्याऐवजी त्यांनाच निर्वाहवेतन दिले जात असे. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी दक्षिणेचा विनियोग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी व्हावा अशी मागणी केली आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीमार्फत ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप निर्माण झाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे अशा दक्षिणा फेलोंपैकी होत.

या स्थित्यंतरात निधीचे स्वरूप बदलले, धार्मिक दान लोपून शैक्षणिक पारितोषिक आले. परंतु निकष परीक्षेचाच राहिला. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी दिली जाणारी शिष्यवृत्ती हे त्याचे सर्वाधिक प्रतिष्ठित उदाहरण होय. १९१२ मध्ये मॅट्रिकला प्रथम आलेल्या चिंतामणराव देशमुखांनी ती मिळविली होती. अशा शिष्यवृत्तीने बुद्धिमत्तेचा गौरव केला यात शंका नाही. मात्र ज्यांच्या घरात संस्कृत अध्ययनाची परंपरा होती, त्यांनाच या स्पर्धेत उतरणे सुलभ होते, ही तिची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

महात्मा फुले यांचा आक्षेप

ही मर्यादा अत्यंत स्पष्टपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाबरोबरच शिष्यवृत्तीच्या पद्धतीचाही विचार केला. स्पर्धेद्वारे दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीने शिक्षण मागासलेल्या वर्गांपर्यंत पोहोचत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही त्यांच्यासाठी असाव्यात, अशी सूचना त्यांनी केली. स्पर्धा समान मानली जात असली तरी स्पर्धकांची सुरुवात समान नसते, हा तिच्यामागील विचार होता. फुले यांनी गुणवत्तेला नकार दिला नाही. त्यांनी तिच्या मोजमापाला प्रश्न विचारला, ही बाब येथे अधोरेखित करणे आवश्यक आहे.

या विचाराची यथार्थता पुढील काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणातून सिद्ध झाली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी तीन वर्षांचे साहाय्य केले. त्या बदल्यात बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार होता. मुदत संपल्यावर लंडनमधील शिक्षण अपुरे ठेवून १९१७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. एका शिष्यवृत्तीने काय साधते आणि ती थांबल्यास काय खंडित होते, या दोहोंचे हे उदाहरण आहे.

वऱ्हाडातील अंतराचा प्रश्न

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. वाशिम हा त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. या प्रदेशात पदवी शिक्षणाची सोय दीर्घकाळ नव्हती. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप व १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय सुरू झाले. वऱ्हाडात मात्र अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ मध्ये स्थापन झाले. तोपर्यंत वऱ्हाडातील विद्यार्थ्यास नागपूर किंवा पुणे गाठावे लागे. पापळ येथील शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व तेथून इंग्लंड-स्कॉटलंडला गेले. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयाचे शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग होता. परगावातील निवास व भोजन हा मोठा आणि दरमहाचा खर्च होता.

म्हणूनच या प्रदेशातील शैक्षणिक साहाय्याने वसतिगृहाचे रूप घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला होता. वऱ्हाडात पंजाबरावांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उघडले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची पायाभरणी केली. आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल स्थापन झाले. शास्त्रदानाला पुण्य मानणाऱ्या समाजाच्या दानाला येथे विद्यार्थ्यांच्या निवासी शिक्षणाची दिशा मिळाली. कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांवर अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संशोधन केले. गावातील भांडार आणि जिल्ह्याबाहेरील महाविद्यालय यांचा असा संबंध जुळला की त्याचा लाभ उभयतांना होतो, हे यावरून दिसते.

सातारा येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तिसरा मार्ग दाखविला. १९४७ मध्ये सुरू झालेल्या शिवाजी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकावे, या तत्त्वाला स्थान होते. आजही अनेक महाविद्यालयांत चालणारी ‘कमवा व शिका’ योजना ही त्याच विचाराची परिणती होय.

शासकीय योजनांचा काळ

डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. शुल्क आणि निर्वाहभत्ता या दोहोंचा अंतर्भाव हे तिचे वैशिष्ट्य होय. १९५९-६० च्या सुमारास राज्यात आर्थिकदृष्ट्या मागासांना शुल्कमाफीची सवलत मिळाली. वार्षिक १,२०० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेमुळे ती ‘ई.बी.सी.’ सवलत ग्रामीण घराघरांत माहीत झाली. केंद्राने १९६१-६२ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती व १९६३-६४ मध्ये कर्जरूप शिष्यवृत्ती सुरू केली. म्हणजेच दोन दशकांत गरज, गुणवत्ता आणि परतफेड ही तिन्ही तत्त्वे शासनाने स्वीकारली.

अलीकडील काळात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्ता या योजनांनी दोन पूर्वसूरींच्या कार्याला शासकीय रूप दिले. जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णतः माफ करण्याचा निर्णय झाला. तथापि निर्वाहभत्ता आणि शुल्कमाफी या दोन्हींचा रोख प्रामुख्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे आहे, ही बाब कला महाविद्यालयांच्या दृष्टीने विचारणीय ठरते. कला शाखेचे शुल्क तुलनेने अल्प असते, म्हणून तेथील विद्यार्थ्याची गरजही अल्प असते, असे मानणे इतिहासाशी सुसंगत नाही. गावातून महाविद्यालयापर्यंतचा प्रवास किंवा शहरातील खोलीचे भाडे शाखेनुसार बदलत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, दक्षिणेच्या काळापासून गुणवत्तेचा सन्मान करण्याची परंपरा महाराष्ट्रात अखंड राहिली, गरजेचे भान फुले यांच्यापासून जागे झाले आणि अंतराचे उत्तर वसतिगृहाच्या रूपाने समाजाने शोधले. यांतील एकच अंग स्वीकारल्यास साहाय्य अपुरे ठरते. २०१८ मध्ये वाशिमचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी स्वतःच्या निधीतून एखादी शिष्यवृत्ती सुरू करताना केवळ प्रथम क्रमांकाचे पारितोषिक न ठेवता, प्रवेशानंतर कोणता विद्यार्थी कोणत्या कारणाने शिक्षण सोडतो याची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. ही नोंद वर्गात शिकविणारा प्राध्यापकच करू शकतो. शिरपूरसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याची गुणवत्ता पाहण्यासाठी प्रथम त्याला वर्गापर्यंत पोहोचता आले पाहिजे. आणि पोहोचल्यानंतर तेथे टिकताही आले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या दोन शतकांच्या इतिहासाचा हाच बोध होय.