‘ए’च्या पोटातला ‘ई’

जरा बाजूला सरका, घोडा वळतोय! बिचारा सकाळपासून गोल गोल फिरतोय. त्याच्या जोरावर रूळ फिरतात आणि रुळांमधून चांदीची पट्टी पातळ होत बाहेर येते. लीद, घाम, कोळशाचा धूर आणि तापलेल्या धातूचा तो जिभेवर चढणारा वास. ही फिलाडेल्फियाच्या सातव्या रस्त्यावरची टांकसाळ, साल १७९५. नाकाला रुमाल मात्र लावू नका. दोनच वर्षांपूर्वी पीतज्वरानं शहर झोडपून काढलंय; लोक तुम्हाला आजारी समजून पळ काढतील.

आलाच आहात तर हात चालवा. मुख्य कोरक्या रॉबर्ट स्कॉट याच्या टेबलापाशी बसा. समोर पोलादाचा ठोकळा आहे, अजून पाणी न दिलेला, म्हणून मऊ. अर्ध्या डॉलरचा मागचा ठसा यातून करायचाय. गरुडासाठी एकच मोठा पंच आहे, पण भोवतीची अक्षरं एकेक करून ठोकायची. त्यातही सगळं आरशातल्यासारखं उलटं. नाण्यावर जे उजवीकडे, ते इथे डावीकडे. डाव्या हातात पंच, उजव्या हातात हातोडी, घामानं बोटं निसटतायत. ‘स्टेट्स’ या शब्दाची जुळवाजुळव चाललीय. ठक! हे काय केलंत? ‘ए’च्या जागी ‘ई’ ठोकलात की!

घाबरू नका, कोणी ओरडणार नाही. एवढं पोलाद, एवढी मेहनत फेकून द्यायला कोण तयार होईल? त्याच जागी ‘ए’चा पंच धरा आणि जोरात हाणा. ‘ई’चे अवशेष खाली राहिलेच, तर राहू द्या. आता ठसा भट्टीत लाल करून पाण्यात बुडवला जाईल. चर्रर्र आवाज येईल, वाफेनं तोंड भाजेल आणि तुमची चूक पोलादात कायमची पक्की होईल.

पलीकडच्या टेबलावर तराजू आणि कानशी. इथल्या पहिल्या महिला कामगार सारा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स याच वर्षी या कामावर लागल्या. अर्ध्या डॉलरची चकती २०८ ग्रेनची, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास हवी. जड निघाली की कानस फिरवायची. चांदीची भुकटी बारीक, पण वाया जाऊ द्यायची नाही.

तिकडे स्क्रूच्या प्रेसवर गडी आडव्या दांडीला हिसका देतात आणि धप्प! पायाखालची जमीन हलते. चकती ठेवणाऱ्याच्या बोटांकडे मला तर बघवत नाही. असे हजारो धक्के सोसून ठसा एक दिवस तडकतो. तडा लहान असेल तर काम चालूच. चांदी त्या फटीत शिरते आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर एक बारीक उंच रेघ उमटते.

आता आजच्या काळात परत या. भिंग घ्या, नाणं तिरक्या उजेडात धरा. हौशी संग्राहक इथेच फसतात. खोल गेलेली समांतर खरड दिसली की त्यांना वाटतं, नवा प्रकार सापडला. छे! ती साराबाईंची किंवा रेचलबाईंची कानस, एकाच चकतीवर चाललेली. ठशाशी तिचा काही संबंध नाही. उंच रेघ मात्र ठशाची. ती त्याच ठशाच्या इतर नाण्यांवरही, त्याच जागी, कमीजास्त लांबीची सापडते. ती जितकी लांब, तितकं नाणं उशिराचं. प्रकार ठरवायचा तो अक्षरांच्या जागेवरून: कोणतं अक्षर तिरकं बसलंय, गरुडाभोवतीच्या पानांपैकी एखाद्याचं टोक कुठल्या अक्षराखाली येतं, पुढच्या बाजूची चांदणी चेहऱ्याच्या केसांच्या किती जवळ आहे. पुढचा ठसा एका मागच्या ठशाबरोबर चालला, मग दुसऱ्याबरोबर. अशा जोड्या जुळवत गेलं की एकट्या १७९५ च्या अर्ध्या डॉलरचेच तीसहून जास्त प्रकार निघतात.

अल ओव्हर्टन यांनी १९६७ मध्ये या जोड्यांची यादी पुस्तकात छापली. संग्राहक आजही त्यांचेच क्रमांक वापरतात. तुमच्या त्या ‘ई’वरच्या ‘ए’ला ओ-११३ हा क्रमांक आहे. तेव्हा १७९५ चा अर्धा डॉलर हाती आलाच, तर आधी तो उलटा करा आणि ‘स्टेट्स’ नीट वाचा.